नळाच्या आदल्या दिवशी : डास आणि घरातल्या विषाबद्दलच्या प्रकल्प नोंदी

१६ मे २०२४, गुरुवार

आज राष्ट्रीय डेंगी दिन. तो मुहूर्त धरून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पहिली सभा घेतली. बचत गटाच्या बाया बऱ्यापैकी आल्या, पुरुष तिघेच. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कपाशीचं. गावाचं आणि माणसांची नावं नोंदवहीत लिहायची नाहीत, असं गावच्या आशा कार्यकर्तीशी, म्हणजे आशाताईंशी, बोलून ठरवलंय. आजाराच्या आणि घरातल्या गोष्टी आहेत, त्या त्यांच्यापाशीच राहाव्यात.

मी नेहमीचं सांगायला सुरुवात केली. डेंगीचा डास म्हणजे एडिस. तो दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, सगळी भांडी रिकामी करून घासायची. इथवर आले आणि मागून एक काकू उठल्या.

"बाई, नळ येते आठ दिवसांनी. इतक्या मुश्किलीनं भरलेलं पानी सांडून द्या म्हन्ता, मंग पोरायले काय पाजू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोबत नेलेल्या पत्रकावर मोठ्या अक्षरात 'साठवलेले पाणी रिकामे करा' असंच छापलेलं होतं. ती पत्रकं वाटली नाहीत, गठ्ठा परत आणला.

२३ मे, गुरुवार

आशाताई आणि मी आज सोळा घरं केली. एकेका भांड्यावर टॉर्च मारून बघायचं, अळी दिसली की वहीत खूण. आरोग्य खात्यातले लोक याला कंटेनर सर्वे म्हणतात. शंभरातल्या किती घरांत अळ्या सापडल्या तो हाऊस इंडेक्स, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती तो ब्रेट्यू इंडेक्स. सोळा घरांवरून गावाचा आकडा काढायचा नसतो, पण वळणाऱ्या, लवलवणाऱ्या अळ्या डोळ्यांनी बघितल्या की आकड्याची गरजही वाटत नाही.

प्यायच्या माठात एकाही घरी अळी नाही. माठ रोज घासतात, झाकतात. अळ्या होत्या वापराच्या पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये, संडासाजवळच्या टाक्यात आणि कूलरमध्ये. विदर्भात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणं शक्य नाही, ते मी म्हणणारही नाही. पण बहुतेक कूलरचं पाणी फक्त वाढवत नेतात, तळाचं कधीच काढत नाहीत. खाली बोटभर गाळ आणि त्यात अळ्या.

एक गोष्ट दाखवली की बाया थांबून बघतात. एडिसची अंडी पाण्यात सुटी नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. काळे बारीक ठिपके. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, महिनोन् महिने कोरडी तगतात, पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं कड घासावी लागते. एका आजींनी लगेच राख-काथ्या आणून ड्रम घासायला घेतला. त्यांच्या ड्रममध्ये तेव्हा चार बोटंच पाणी उरलं होतं, दुसऱ्या दिवशी नळ यायचा होता.

घरी येताना तेच डोक्यात घोळत होतं. नळ यायच्या आदल्या दिवशी गावातले सगळेच ड्रम जवळजवळ रिकामे असतात.

११ जून, मंगळवार

कोरडा दिवस आठवड्याच्या ठरावीक वारी नाही, नळाच्या आदल्या दिवशी. हे मी सांगितलं नाही, बचत गटाच्या बैठकीत विचारलं, कोणत्या दिवशी जमेल? बायांनीच तो दिवस काढला. त्या संध्याकाळी उरलेलं पाणी बादलीत काढायचं, ड्रमची कड घासायची, ड्रम रात्रभर पालथा. सकाळी नळ आला की भरायचा. थेंबभर पाणी वाया जात नाही.

आठ दिवसांचं अंतर सात ते दहा दिवसांच्या चक्रात काठावर बसतं, उन्हाळ्यात तर डास सातव्या दिवशीही उडू शकतो. म्हणून घासण्याच्या जोडीला झाकणही हवं. ड्रमची झाकणं केव्हाच हरवलेली. जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड करून तोंडाला नाड्यानं करकचून बांधायचं, असं ठरलं. कापड मध्ये लोंबून पाण्याला टेकता कामा नये, नाहीतर डास कापडावरूनच अंडी घालतो. ते करून दाखवायला अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास आजच्या दिवसातला सगळ्यात कामाचा.

संडासाच्या गॅस पाइपला जाळी बांधायचंही सांगितलं. सेप्टिक टाकीतल्या घाण पाण्यात होतो तो क्युलेक्स डास, हत्तीरोगाचा वाहक. संध्याकाळी कानाशी गुणगुणतो तो बहुधा हाच, म्हणून लोकांना सगळ्यात जास्त त्रास याचाच वाटतो.

२८ जून, शुक्रवार

पाऊस लागला. पेरण्यांमुळे दिवसा घरी कोणी नाही. सभा रात्री आठला.

आरोग्य सेवक भाऊ टेमिफॉस, म्हणजे पाण्यातल्या अळ्या मारायचं औषध, घेऊन आले होते. गावात त्याला अ‍ॅबेट म्हणतात. एका घरात सासूबाईंनी अडवलं, "पान्यात औषध टाकता, पोरं आजारी पडतीन न." त्यांची भीती खोटी नाही. टेमिफॉस फवारणीच्या कितीतरी विषांच्याच कुळातलं आहे, फक्त माणसाला फार कमी बाधणारं, आणि मात्रा अगदी थोडी, लिटरला एक मिलिग्रॅम. भाऊंनी चिडून पुढे जाण्याऐवजी मोजमाप दाखवून सांगितलं, माठाला हात लावला नाही, वापराच्या टाक्यातच टाकलं. सासूबाईंनी बघून घेतलं आणि होकार दिला.

१२ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते रात्रीच लिहून ठेवते.

दुपारी तीनच्या सुमारास आशाताईंचा फोन. सहा वर्षांची मुलगी, डोक्यात उवा. आईनं कपाशीवर फवारायचं औषध खोबरेल तेलात कालवून केसांना चोळलं आणि डोकं फडक्यानं बांधलं. थोड्याच वेळात मुलीला उलट्या, तोंडातून लाळ, अंग घामानं चिंब, मग दम लागायला लागला. आम्ही पोचलो तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

आशाताईंनी फडकं आणि कपडे काढले, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून साबणानं डोकं दोनदा धुतलं. मी १०८ ला फोन लावला, पण शेजाऱ्यांची जीप दारात होती, तीच घेतली. बाटली सोबत घेतली, तिच्यावर अर्धं का होईना लेबल होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो बाटलीचाच. लगेच अ‍ॅट्रोपिन, म्हणजे अशा विषावरचा उतारा, सुरू झालं. रात्री दहाला श्वास सुधारला. मुलगी वाचली.

आई पूर्ण वेळ एकच वाक्य म्हणत होती, "मी तं औषधच लावलं होतं."

१३ जुलै, शनिवार

झोप लागली नाही. दोन महिने आम्ही या गावात घरोघर हिंडतोय, ड्रम बघतोय, कूलर बघतोय. त्या घरातही गेलो होतो. अळ्या मोजल्या आणि निघालो. फळीवर काय आहे ते एकदाही बघितलं नाही.

या जिल्ह्यात २०१७ चा पावसाळा कोणी विसरलेलं नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर शेतात मास्क घाला, हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, हे पुष्कळ सांगितलं गेलं. पण फवारणी संपल्यावर उरलेली बाटली घरीच येते, आणि घरात ती कामाला लागते. ढेकणांना, उवांना, झुरळांना, माशांना. विकत आणलेली वस्तू आहे, उरलेली आहे, वाया कशी घालवायची?

आणि त्या आईचं वाक्य. आपल्या भाषेत तापाच्या गोळीला औषध म्हणतात, फवारणीच्या विषालाही औषध म्हणतात. उवांचं औषध, ढेकणांचं औषध, उंदराचं औषध, कपाशीचं औषध. 'त्यानं औषध घेतलं' हे वाक्य या भागात हळू आवाजात बोललं जातं आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. म्हणजे ते विष आहे हे माहीत नाही असं नाही. पण रोजच्या वापरात 'विष' हा शब्द जिभेवर येत नाही, आणि त्या बाटलीबद्दल तिनं तो ऐकलेलाच नव्हता. तिला दोष देणारे आज गावात दोन-चार जण भेटले. त्यांच्याशी मी वाद घातला.

१९ जुलै, शुक्रवार

प्रकल्पाचा आराखडा बदलला. ड्रमसोबत आता फळी, पलंगाखाली, कोठीमागे, न्हाणीघराच्या कोनाड्यात, सगळीकडे बघायचं. पण आधी घरच्या बाईला विचारून, तिच्यासोबत.

आज नऊ घरं. जे दिसलं ते जसंच्या तसं:

शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं तपकिरी द्रव, वर काहीच लिहिलेलं नाही. घरातल्या बाईला वाटतं तणनाशक, नवऱ्याला वाटतं कीटकनाशक. उंदराची ट्यूब, टूथपेस्टच्याच डब्यात, आकारही तसाच. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो, काही दिवसांनी यकृत निकामी करतो, पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो म्हणून घरचे गाफील राहतात. तणनाशकाचा पाच लिटरचा कॅन, धुऊन संडासाच्या पाण्याला. तसाच दुसरा एक शेतावर प्यायच्या पाण्याला. ढेकणांसाठी ठेवलेल्या एका जुन्या बाटलीवर डायक्लोरव्हॉस लिहिलेलं होतं. ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे, बाटली त्याआधीची असावी.

सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती गव्हाच्या कोठीची. कोठीत धान्यात ठेवायच्या गोळ्या, आणि कोठी झोपायच्या खोलीत. त्यांतल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. त्या घरातल्या आजोबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वक्ताले कडुनिंबाचा पाला टाकत होतो, एरंडीचं तेल चोयत होतो." मग ते का सोडलं, असं मी विचारलं. चोळायला घरात आता माणसं नाहीत, म्हणाले. गहू कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरायचं त्यांच्या सुनेनं कबूल केलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

बाजाराच्या गावी कृषी केंद्रात गेलो. दुकानदार दादा बोलायला तयार होते. त्यांच्याकडूनच डब्यावरचा त्रिकोण कसा वाचायचा ते बायांसमोर बोलवून घेतलं, कारण दुकानदाराचं गाव जास्त ऐकतं. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे त्यांनी आपणहून जोडलं, मला बरं वाटलं.

घरातल्या डासांच्या वस्तूंवरही तो त्रिकोण आणि नोंदणी क्रमांक असतो. आठवडी बाजारात सुट्या मिळणाऱ्या डासांच्या अगरबत्त्यांवर दोन्ही नव्हतं. ज्या पुड्यावर नोंदणी क्रमांक नाही तो घरात आणायचा नाही, एवढाच नियम सांगितला. बाकी रसायनांची नावं सांगून उपयोग नाही.

कॉइलबद्दल बराच वेळ गेला. दार-खिडक्या लावून उशाशी कॉइल, ही इथली रीत. एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. हे सांगितल्यावर तान्ह्या बाळाची आई उठून घरी गेली, बहुधा कॉइल विझवायलाच. अंड्याचे ट्रे जाळले तरी धूर तो धूरच. मच्छरदाणीला धूर नाही, आणि दिवसा झोपणाऱ्या बाळाला ती दिवसाच लागते, कारण एडिस दिवसाचा.

एकीनं विचारलं, डास पळवायच्या मशीनच्या बाटलीतलं पोरानं तोंडाला लावलं तर? उलटी काढायची नाही. ते द्रव रॉकेलच्या जातीचं असतं, उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर जास्त घात करतं. तोंड पुसायचं, बाटली घ्यायची, दवाखाना गाठायचा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा फुकट नंबर १८००११६११७ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घातला.

२० ऑगस्ट, मंगळवार

१८९७ मध्ये याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. म्हणून आज जागतिक डास दिन. जिल्हा परिषद शाळेत गुरुजींनी दोन तास दिले.

काचेच्या तीन बरण्या नेल्या होत्या. एकीत ड्रममधल्या अळ्या, डोकं खाली, शेपटी वर, तिरप्या लटकलेल्या. दुसरीत शेताकडच्या डबक्यातल्या, पाण्याला समांतर आडव्या पडलेल्या. त्या अ‍ॅनोफिलीसच्या, हिवतापाच्या. मुलांनी फरक माझ्याआधी ओळखला. मग तिसऱ्या बरणीतला, अळ्या खाणारा गप्पी मासा त्यांत सोडला आणि वर्ग बाकांवर चढला. गप्पी बांधलेल्या टाक्यात आणि न वापरत्या विहिरीत सोडायचे, ओढ्या-तलावात नाही, तिथल्या माशांना त्रास होतो, हेही सांगितलं.

दुसऱ्या तासात मुलांनी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर लाल रंगानं एकच शब्द लिहिला : विष. घरी जाऊन मोठ्या माणसाला सोबत घेऊन, बाटलीला हात न लावता, मोठ्यांकडून चिकटवून घ्यायचा. बाराखडी शिकणाऱ्या पोरांनीही लिहिला. जुलैत विषबाधा झालेली ती मुलगी पहिलीत आहे. तिचा 'ष' उलटा झाला होता, तिनं खोडून पुन्हा काढला.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. काम नाही. फक्त बैल धुवायच्या टाक्या बघितल्या, सण असल्यानं सगळ्या घासलेल्या.

९ सप्टेंबर, सोमवार

आठवड्यात ताप वाढलाय. नागपूरकडून चिकुनगुनियाच्या बातम्या येताहेत, त्यामुळे २००६ चा पावसाळा ज्यांना आठवतो ती माणसं जास्त घाबरली आहेत. तेव्हा महिनोन् महिने सांधे धरले होते, हे ती पुन्हा पुन्हा सांगतात.

गणपती मंडळाच्या पोरांची मागणी, धुवारणी करा. ग्रामपंचायतीनं एकदा मशीन आणलं. गल्लीत धूर झाला, सगळ्यांना समाधान वाटलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, धुरानं फक्त उडते डास मरतात, ड्रममधली अळी तशीच राहते आणि दोन दिवसांत नवे डास येतात. शिवाय एडिस पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसतो, गल्लीतला धूर तिथवर पुरेसा पोचत नाही. पोरांना राग आला नाही. त्यांनी मंडपामागचे टायर, कुंड्या आणि प्रसादाचे द्रोण स्वतः उचलले.

तापाच्या घरी सांगायचं ते आशाताईंनी पाठ केलंय. तापाला पॅरासिटामॉलच, तेही विचारून. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, डेंगीत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ताक, पेज पाजत राहायचं. आणि ताप उतरला की निर्धास्त व्हायचं नाही, खरा धोका तेव्हाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, खूप गळून जाणं, यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना. काल एका घरी चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून मुलाला शेतात पाठवत होते. पोट दुखतं म्हणत होता. आशाताईंनी थांबवून पाठवलं दवाखान्यात. भरती करून घेतलं, आज बरा आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा सर्वे. मे महिन्यातल्या त्याच सोळा घरांत. निळ्या ड्रममध्ये दोनच ठिकाणी अळ्या. कूलर मात्र अजून पाच खिडक्यांत तसेच, पावसाचं पाणी भरलेले. ड्रमची सोय लागली आणि कूलरचा विषय मधेच राहून गेला, ही माझ्या आखणीतली चूक. जूनमध्ये कूलर उतरवायचा दिवस ठरवायला हवा होता. पाचही कूलर आज उपसून, टाकी घासून, पालथे घातले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची आवराआवर सुरू. याच दिवसांत ढेकणांसाठी फवारणीची बाटली बाहेर निघते, म्हणून आठवडाभर आधीच गल्लोगल्ली फिरलो. गाद्या उन्हात, पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी, भेगा लिंपायच्या. वेळ लागतो, दोन-तीनदा करावं लागतं, हे लपवलं नाही. उवांना फणी आणि मेडिकलमधलं पर्मेथ्रिनचं लोशन. गटानं दहा फण्या एकत्र आणल्या.

एकवीस घरांत आता लोखंडी पेटी आहे, कुलपाची, घराबाहेर गोठ्यात किंवा पडवीत. किल्ली घरच्या बाईकडे. बायांनी किल्ली मागून घेतली ती केवळ लेकरांसाठी नाही, एवढं त्या माझ्याशी बोलल्या. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे आणि आंघोळ झाल्याशिवाय लेकराला उचलायचं नाही, हे मात्र अजून सगळीकडे पाळलं जात नाही. दमून आलेल्या बापाकडे पोरगं धावतंच.

रिकाम्या कॅनचा प्रश्न सुटलेला नाही. तीनदा विसळायचे, ते पाणी पंपातच ओतायचं, मग तळाला भोक पाडायचं, म्हणजे कोणी पाणी भरणार नाही. भोक पाडलेले कॅन ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत साठले आहेत, खोली छतापर्यंत भरत आली. ते न्यायचे कुठे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. जाळू द्यायचे नाहीत, त्याचा धूर विषारी. म्हणून खोलीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे. बुधवारी तालुक्याला कृषी कार्यालयात पुन्हा जायचं आहे, सोबत सरपंच ताई येणार आहेत.

उद्या नळ येणार. येताना गल्लीतून आले तेव्हा ड्रम पालथे घालत होत्या. त्या मुलीची आईही दारात ड्रम घासत होती, आणि मुलगी वरची कड टॉर्च मारून तपासत होती.